‘साधी गाठ आहे’ म्हणून गड्डा होईपर्यंत थांबू नका

पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. वेळ अमावस्येला आम्ही सगळे माहेरच्या शेतात होतो. आंबिलीची बिंदगी, म्हणजे भरलेलं मडकं, मीच त्याला उचलायला सांगितली. ती खाली ठेवताना तो ‘आई गं’ करून तिथंच बसला. कमरेत वीज पडल्यासारखं झालं म्हणाला. रात्री दोन्ही पायांना मुंग्या, सकाळी पाय उचलेनात आणि लघवी बंद. आधी चोळणाऱ्याकडे नेलं, मग दवाखान्यात. तिथं लघवीची नळी घातली, इंजेक्शनं दिली, एमआरआय काढला. मणक्याच्या आत गाठ आहे आणि त्या गाठीत रक्तस्राव झालाय असं निघालं. रिपोर्टमध्ये ‘श्वानोमा असावा’ असं लिहिलंय. कॅन्सरची दिसत नाही, पण ऑपरेशन लवकर करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. चार-पाच दिवसांत पाय हलायला लागले, नळी निघाली, तेव्हा घरच्यांनी डिस्चार्ज घेतला. आता तो घरात चालतो. थोरले काका म्हणतात, साधी गाठ आहे, पोरगा बरा झालाय, मणक्याला हात लावला की माणूस पुन्हा उठत नाही. भाऊ दरवर्षी गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजाची उंच काठी धरतो. यंदाही धरणार म्हणून हट्टाला पेटलाय. मला रात्र रात्र झोप नाही. मी बिंदगी उचलायला सांगितली नसती तर हे टळलं असतं का? ऑपरेशन करावं की नको? तो पहिल्यासारखा चालेल का?

– एक बहीण, सोलापूर

उत्तर

ताई, तुमचं पत्र सोमवारी दुपारी वाचलं आणि संध्याकाळी तुम्हाला फोन केला. एक प्रश्न सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखा नव्हता: भाऊ लघवीला कसा जातो? तुम्ही त्याला विचारलंत आणि थोड्या वेळानं कळवलंत. जोर लावावा लागतो, धार बारीक येते, करून आला तरी पुन्हा जावंसं वाटतं. आणि खुर्चीवर बसलं की खाली कुणी गादी बांधल्यासारखं वाटतं, बूड नीट लागत नाही. हे त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. लाजला असेल. पुढचं सगळं तुमच्या परवानगीनं इथं लिहितोय, कारण असा भाऊ, असा नवरा आणखी कुणाच्या घरात गप्प बसलेला असू शकतो.

तेव्हा उत्तर आधीच देतो. तुमचा भाऊ बरा झालेला नाही. त्याचे पाय सुधारलेत, एवढंच. सर्जननं सांगितलेलं ऑपरेशन करून घ्या, आणि ते गड्ड्याच्या आधी. मंगळवारी त्याला घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जा असं मी फोनवर म्हटलं होतं. गेला नसाल तर हे वाचून झाल्यावर निघा.

आता कारणं सांगतो. काकांना समजवायला तुम्हाला ती लागतील.

मणक्यांच्या आतून जाणारा मज्जारज्जू करंगळीएवढ्या जाडीचा असतो. तो पार खालपर्यंत जात नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो आणि तिथून पुढं मोकळ्या नसांचा झुपका लोंबतो. शरीरशास्त्रात त्याला घोड्याचं शेपूट म्हणतात. तुमच्या भावाला मात्र मागाचं उदाहरण द्या, त्याला पटकन समजेल. बीमवरून, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावरून, ताण्याचे धागे शेजारी-शेजारी येतात ना, तशा या नसा आहेत. काही पायाला जातात, काही लघवीच्या पिशवीला, काही संडासच्या जागेला, काही बसण्याच्या कातडीला. एका नसेच्या वेष्टणातून एक गाठ वाढली आणि शेजारच्या धाग्यांत रुतून बसली. वेष्टणाच्या ज्या पेशींतून ती वाढते, त्यांना थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे. म्हणून ती श्वानोमा.

ही गाठ कॅन्सरची नसते, हे काकांचं म्हणणं खरं आहे. ती दुसऱ्या अवयवांत पसरत नाही. पण ‘साधी’ हा शब्द जागा बघून वापरायला हवा. पाठीवर कातडीखाली लिंबाएवढी चरबीची गाठ घेऊन माणूस चाळीस वर्षं सुखानं जगतो. मणक्याची नळी हाडाची आहे. ती फुगत नाही, सरकत नाही, गाठीला जागा करून देत नाही. तिथं बोराएवढ्या गाठीनंही नसा दबतात. गाठ सावकाश वाढते तोवर नसा बिचाऱ्या सोसत राहतात, माणसाला नुसती पाठदुखी वाटते. पण त्याच गाठीत रक्त साचलं की काही तासांत ती फुगते आणि एवढी वर्षं सोसलेल्या नसा एका रात्रीत हार मानतात. वेळ अमावस्येच्या रात्री तेच झालं.

मग चार दिवसांत सुधारणा कशी झाली? इंजेक्शनांनी नसांची सूज उतरली. साकळलेलं रक्त थोडं विरघळलं, दाब कमी झाला. गाठ आहे तिथंच आहे, तिच्या आतल्या पातळ भिंतीच्या रक्तवाहिन्याही तशाच आहेत. पुन्हा रक्तस्राव कधी होईल हे कुणालाच सांगता येणार नाही. उद्या होईल किंवा कधीच होणार नाही. पण झालाच, तर एकदा मार खाल्लेल्या नसा दुसऱ्यांदा तेवढ्या उभारी धरतील याची खात्री कुणी देऊ नये. लघवीचा त्रास अजून चालूच आहे, म्हणजे आत्ताही काही धागे दाबाखाली आहेत. त्यासाठी घाई.

आता तुमच्या झोपेचं बोलू. तुम्ही बिंदगी उचलायला सांगितलीत म्हणून गाठ झाली नाही. ती बरीच वर्षं तिथं वाढत होती. फोनवर तुम्हीच सांगितलंत: सव्वा-दीड वर्षापासून भाऊ रात्री तीनला उठून भिंतीला टेकून बसतो, आडवं झालं की कंबर जास्त दुखते म्हणतो, आणि घरचे मागावर उभं राहून कंबर धरली असेल म्हणतात. ताई, श्रमाची पाठदुखी सहसा आडवं पडल्यावर शांत होते. झोपल्यावर वाढणारी, माणसाला उठवून बसवणारी पाठदुखी वेगळी असते. तेव्हापासून गाठच बोलत होती, आणि घरात कुणाला तिची भाषा ठाऊक नव्हती. ठाऊक असण्याचं कारणही नाही. जोर लावला की शिरांमधला दाब वाढतो, तेवढ्यानं एखादी कमकुवत वाहिनी फुटू शकते, हे मी लपवणार नाही. पण अशा गाठी झोपेत फुटतात, शिंकेनं फुटतात, काहीच न करता फुटतात. बिंदगी नसती तर कदाचित दोन दिवसांनी कारखान्यात बीम उचलताना झालं असतं. शेतात सगळी माणसं भोवती होती, ते बरं झालं.

हा आजार क्वचितच दिसतो. मणक्याच्या आतल्या गाठी मुळात कमी, त्यातून रक्तस्राव होणाऱ्या आणखी कमी. कितीतरी डॉक्टरांना उभ्या आयुष्यात असा एकही रुग्ण भेटत नाही, आणि चुका होतात त्या इथंच. १९५१ मध्ये फिंचर नावाच्या अमेरिकन सर्जननं असे रुग्ण एकत्र मांडून दाखवले: अचानक कंबर धरते, कळ पायात उतरते, आणि मणक्यातलं रक्त मज्जारज्जू-मेंदूभोवतीच्या पाण्यात मिसळून वर चढलं की डोकं फुटेल असं दुखायला लागतं, मान ताठते. मग मेंदूचा स्कॅन काढतात आणि मेंदूत काहीच सापडत नाही. तेव्हा डोकेदुखीच्या आधी कंबर धरली होती हे नातेवाइकांनी डॉक्टरांना आठवणीनं सांगायला हवं. साध्या एक्सरेत सहसा यातलं काही दिसत नाही, एमआरआयच लागतो.

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. माझा दवाखाना अशोक चौकाजवळ होता तेव्हाची गोष्ट. एक यंत्रमाग कामगार कंबर धरून आला. मी तपासलं, वाकवलं, कमरेत इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या. तो बाकावरून उठून निघाला तेव्हा त्याच्या डाव्या पायातली चप्पल बाकाखालीच राहिली. चार पावलं तो एका चपलेवर गेला आणि त्याला कळलं नाही. कंपाउंडरनं हाक मारून चप्पल दिली. मी ते बघितलं, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. लघवीचं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला बायकोनं आणि मेहुण्यानं उचलून आणलं, पोट बेंबीपर्यंत तटतटलेलं. नळी घातल्यावर ८०० मिली लघवी निघाली. साधारण ३००-४०० मिलीला माणूस घाई करून पळतो, याला ८०० ला नुसतं जड वाटत होतं. मणक्यात गाठ निघाली, ऑपरेशनही झालं, पण मधला दिवस गेला होता. पुढं तो काठी घेऊन चालायचा आणि आयुष्यभर दिवसातून चार वेळा स्वतः नळी घालून लघवी काढायचा. तेव्हापासून कंबर धरून आलेल्या प्रत्येकाला मी आधी लघवीचं विचारतो. बायका संकोचतात, म्हातारे चिडतात, तरी विचारतो.

थोरल्या काकांची भीतीही मला खोटी वाटत नाही. त्यांनी ऑपरेशननंतर न उठलेला कुणीतरी पाहिला असणार. पण त्यांना एवढं विचारा: तो माणूस ऑपरेशनला गेला तेव्हा चालत गेला होता का? मणक्याच्या गाठीत ऑपरेशननंतर काय मिळतं, ते ऑपरेशनच्या आधी किती शिल्लक होतं यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं. पाय पार गेल्यावर, दबून बरेच दिवस उलटल्यावर लोक टेबलावर जातात, आणि न उठल्याचा दोष सुरीवर येतो. तुमचा भाऊ आज स्वतःच्या पायांनी ऑपरेशनला जाऊ शकतो. ही संधी आहे तोवर घ्या.

मणक्यातली गाठ काढायला लोकांनी आत्ता सुरुवात केलेली नाही. १८८७ मध्ये लंडनला सैन्यातला एक कॅप्टन तीन वर्षं पाठीच्या कळांनी पिडला होता. डॉक्टर बदलून झाले होते, शेवटी पाय गेले, लघवी गेली. विल्यम गोवर्स या वैद्यानं नुसती लक्षणं बघून गाठ कुठं असेल ते सांगितलं आणि व्हिक्टर हॉर्स्ली या सर्जननं पाठ उघडली. सांगितलेल्या जागी काही दिसेना, तेव्हा आणखी वरचं हाड काढलं, आणि गाठ सापडली. तीही कॅन्सरची नव्हती. क्ष-किरणांचा शोध तेव्हा लागायचा होता, तो १८९५ चा. तरी तो कॅप्टन पुन्हा चालायला लागला आणि कामावर गेला. आज गाठीचा फोटो आधी हातात असतो, सर्जन सूक्ष्मदर्शकातून बघत काम करतो आणि मोठ्या ठिकाणी नसांचे विजेचे संदेश ऑपरेशन चालू असतानाच तपासतात.

टेबलावर काय होईल तेही सांगतो. भावाला पालथं झोपवतील, कमरेच्या मधोमध चीर घेतील, मणक्यामागचं थोडं हाड काढून नसांभोवतीची पाण्यानं भरलेली आवरणाची पिशवी उघडतील आणि गाठ नसांपासून सोडवतील. ती ज्या बारीक नसेवर वाढली ती बऱ्याचदा गाठीबरोबरच जाते. पण तिचं काम शेजारच्या नसांनी आधीच उचललेलं असतं, त्यामुळं पायात सहसा मोठा फरक पडत नाही. पिशवी टाके घालून बंद करतात. तिथून पाणी झिरपू नये म्हणून काही दिवस झोपवून ठेवतात. धोके आहेतच: पाणी झिरपणं, जंतुसंसर्ग, एखादा पट्टा बधिर राहणं, लघवीचा त्रास काही काळ वाढणं. हे सगळं सर्जनला स्पष्ट विचारा आणि त्यांनी दिलेलं उत्तर काकांना ऐकू द्या.

गाठीचं खरं नाव ती काढून तपासल्यावरच ठरतं. त्या जागी इपेन्डिमोमा नावाची गाठही होते, तीही रक्तस्राव करते. ती शक्यतो न फोडता अख्खी काढावी लागते, नाहीतर तिच्या पेशी पाण्यातून खाली-वर पसरून पुन्हा उगवतात. म्हणून बायोप्सीचा कागद जपून ठेवा आणि सर्जन सांगतील त्या अंतरानं एमआरआय करत राहा, पाय छान चालत असले तरी. आनुवंशिक आहे का, असं वहिनींनी फोनवर मधेच विचारलं होतं. एकच श्वानोमा असेल तर बहुधा नाही, मुलांची काळजी करू नका. एकापेक्षा जास्त गाठी निघाल्या, किंवा रक्तवाहिन्यांची हेमँजिओब्लास्टोमा निघाली, तर मात्र घरच्यांची तपासणी करावी लागते. पूर्ण मणक्याचा, शिरेतून औषध देऊन काढलेला एमआरआय झालाय का, ते विचारून घ्या.

इथं इतर वाचकांसाठी थोडं थांबतो, नाहीतर उद्या दहा फोन येतील. तुमच्या एमआरआय रिपोर्टमध्ये ‘व्हर्टिब्रल हेमँजिओमा’ लिहिलं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. ती मणक्याच्या हाडातली रक्तवाहिन्यांची गाठ, साधारण दहातल्या एका माणसात सापडते आणि बहुतेकांना जन्मभर काही करत नाही. तो शब्द वाचून झोप घालवू नका.

तो पहिल्यासारखा चालेल का? आजची अवस्था पाहता चालेल अशी मला आशा आहे. पाय आधी सुधारतात, कातडीची जाणीव मागून येते, लघवी सगळ्यात शेवटी. तिला महिने लागू शकतात. तोपर्यंत नळी घालायची वेळ आली तर तो पराभव मानू नका, त्यानं किडनी वाचतात. लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी केली की आत किती उरली ते कळतं. ती तपासणी या आठवड्यातच हवी.

ऑपरेशनपर्यंत चोळणं, कंबर मोडून घेणं, पाठीवर पाय देणं पूर्ण बंद. वाळूचा, विटेचा, गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही नको. बधिर कातडीला चटका कळत नाही. सकाळी फोड दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. रक्त पातळ होण्याची गोळी किंवा दुखण्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या चालू असतील तर सर्जनला सांगा, मनानं बंद करू नका आणि मनानं घेऊही नका. संडासला कुंथावं लागू नये असं खाऊ द्या. आणि लघवी पुन्हा अडली, पाय पुन्हा जड झाले, किंवा डोकं एकाएकी भयंकर दुखायला लागलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नका. सिव्हिलचा अपघात विभाग रात्रभर उघडा असतो.

पुणं की हैदराबाद, हा प्रश्न चार जण चार बाजूंनी टाकतील. दुसरं मत जरूर घ्या, पण दोन दिवसांत घ्या, आणि त्यासाठी भावाला गाडीत घालून फिरवू नका, आधी एमआरआय पाठवा. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा, हे ऑपरेशन बसतं का ते तिथंच कळेल. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर त्याचं कार्डही बरोबर ठेवा.

राहिला नंदीध्वज. मी सोलापूरचाच, त्या काठीचं मोल मला कुणी सांगायला नको. कमरेला पट्टा बांधून, तिचा सगळा भार कमरेवर घेऊन तोल सांभाळत चालायचं, आणि तेही नेमकं जिथं गाठ आहे तिथं जोर देऊन. यंदा नाही. भावाशी मला बोलू द्या, माझा नंबर तुमच्याकडे आहे. त्याच्या मानकऱ्यांनाही सांगा, ते समजून घेतील. अक्षता सोहळ्याच्या दिवशी तो दवाखान्यात असेल तर त्याची बाराबंदी धुऊन, घडी करून ठेवा. पुढच्या वर्षी धरायचं की नाही ते सर्जनला विचारून ठरवू.

मंगळवारी गेला नसाल तर आज जाताना एमआरआयची फिल्म आणि सीडी दोन्ही न्या, नुसता रिपोर्ट नको. आणि आज रात्रीपासून मापाचं भांडं ठेवा. भाऊ किती वाजता गेला, किती मिली झाली, जोर लावावा लागला का, हे वहीत लिहा. ती वही डॉक्टरांच्या टेबलावर, रिपोर्टच्याही आधी ठेवा.